आजीला निजवू नका, सुनेला उठवू नका

मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे. सकाळी दवाखाना, दुपारनंतर घरोघरी जाऊन पेशंट बघते. ऑपरेशन होऊन घरी आलेली माणसं हे माझं रोजचं काम. बहुतेक ठिकाणी मला बोलावणं उशिराच येतं. पाय उचलेनासा झाला, खांदा वर जाईनासा झाला, म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं, की मग कुणीतरी म्हणतं, ‘त्या व्यायामवाल्या मॅडमना बोलवा.’

या घरांत जाऊन जाऊन माझं एक मत पक्कं झालं आहे. आपल्याकडे ऑपरेशननंतरची विश्रांती ऑपरेशन कोणतं झालं हे बघून मिळत नाही, घरात त्या माणसाचं स्थान काय हे बघून मिळते. ज्या आजीनं दुसऱ्या दिवशी उभं राहायला हवं, तिला महिनाभर निजवून ठेवतात. ज्या सुनेनं दीड महिना घागर उचलायची नाही, ती दहाव्या दिवशी पाणी भरत असते. दोघींचंही वाटोळं होतं, आणि त्याची नोंद कुठल्याही कागदावर होत नाही. ऑपरेशन मात्र दोघींचंही ‘यशस्वी’ झालेलं असतं.

आधी आजीचं सांगते. मोरीत पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं. मिरजेला आणतात, रॉड टाकतात किंवा बॉल बदलतात. आता या शस्त्रक्रियेचा हेतूच मुळी पेशंटला लवकर उभं करणं हा आहे. पूर्वी वजनं बांधून दोन-तीन महिने पाय ताणून ठेवत, आणि त्या अंथरुणातच कित्येक म्हातारी माणसं संपत. ते टळावं म्हणून तर हाड आतून बांधतात. बहुतेक पेशंटना दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करता येतं, आणि करायला हवं. पण घरी आल्यावर आजी परत आडवी होते.

शिरोळ तालुक्यातलं एक घर मला आठवतं. बॉल बदलून तीन आठवडे झाले होते. हवेशीर खोली, नवी गादी, उशाशी मोसंबी, मुली सासरहून येऊन राहिलेल्या. सेवेत कसलीही कसर नव्हती. जेवण पलंगावर, लघवीला नळी आणि पिशवी, शौचाला भांडं. ऑपरेशन झालेल्या पायाच्या गुडघ्याखाली मऊ उशी, त्याखाली आणखी एक. मी चादर बाजूला केली तर टाच काळपट पडली होती आणि माकडहाडावर कातडी सोलपटून ओली जखम तयार झाली होती. उशी काढली, पाय सरळ करायला गेले, तर गुडघा वाकलेलाच राहिला. तीन आठवडे त्याच कोनात ठेवल्यानं मागचे स्नायू आखडले होते. ही उशी मी इतक्या घरांत पाहिली आहे की आता दारातून आत शिरताना नजर आधी तिच्यावरच जाते. दुखतंय म्हणून मायेनं दिलेली असते. पाय तेवढ्यापुरता निवांत वाटतो, पण वाकलेल्या गुडघ्यावर आणि वाकलेल्या खुब्यावर माणूस उभं राहू शकत नाही.

मी विचारलं, ‘आजी, उठायचं का?’

‘उठतो की बाई, पन ही पोरं उठू देतील तर.’

मुलगा पन्नाशीचा, शेतकरी. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘मॅडम, आईनं जल्मभर लई कष्ट उपसलेत. आता तरी पडून ऱ्हाऊ दे की तिला.’

त्याच्या मायेबद्दल मला तिळभरही शंका नाही. म्हणूनच हे लिहिते आहे. निष्काळजी घरात पेशंटचे हाल होतात हे सगळ्यांना कळतं, पण अतिशय काळजी घेणाऱ्या घरातही होतात, हे सांगायला कुणी जात नाही. अमेरिकेत धडधाकट म्हाताऱ्या माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणात ठेवून पाहिलं होतं. २००७ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा दिवसांत पायांचं जवळपास एक किलो मांस झडलं होतं. ती माणसं निरोगी होती, त्यांचं काहीही मोडलेलं नव्हतं. आपल्या आजीचं वजनच मुळात चाळीस किलो, त्यात ऑपरेशनचं रक्त गेलेलं, आणि वर ‘भात नको, टाक्यात पू होईल’, ‘डाळ वातूळ’, ‘अंडं उष्ण’ असं म्हणून पेज आणि चहा-बिस्किटावर ठेवलेली. ज्या काळात प्रथिनं सगळ्यात जास्त लागतात, नेमकं त्याच काळात ताटातून काढली जातात. भातानं पू होत नाही. जखम भरायला डाळ, अंडं, दूध, उसळ हेच लागतं.

निजून राहिलं की छातीत कफ साठतो, न्यूमोनिया होतो. नळी राहिली की लघवीत जंतू होतात. पोटरीत रक्ताची गाठ होते आणि एखाद्या दिवशी ती फुप्फुसात जाऊन बसते. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण चार-पाचांतला एक जण वर्षाच्या आत जातो, असं जगभरचे आकडे सांगतात. गावात मात्र म्हणतात, ‘पडली आणि त्यातच गेली.’ पडून हाड मोडलं हे खरं, पण पुष्कळदा जीव जातो तो नंतरच्या निजण्यानं.

उठवायला घरचे भितात, आणि ती भीती खोटी नाही. परत पडली तर? टाके उसवले तर? रॉड हलला तर? या प्रश्नांची उत्तरं त्यांना कुणी दिलेली नसतात. डिस्चार्ज कार्डावर औषधांची यादी असते, आणि खाली एक ओळ: विश्रांती घ्यावी, दहा दिवसांनी दाखवावे. पेशंटला उभं कधी करायचं, किती वजन टाकायचं, संडासला खाली बसायचं की नाही, जिना कधी चढायचा, कुशीवर कसं वळायचं, यातलं काहीही त्यावर नसतं. सर्जन लोकांना मी दोष देत नाही. त्यांच्या दाराबाहेर शंभर माणसं उभी असतात. पण ही माहिती पेशंटला कुणीतरी द्यायला हवी, आणि ती इंग्रजीत खरडून चालणार नाही.

बरं, सगळ्या ऑपरेशनांना एकच सल्ला लागू पडत नाही. मोतीबिंदूचं घ्या. एके काळी डोक्याला दोन्ही बाजूंनी आधार लावून पेशंटला दिवसच्या दिवस हलू देत नसत. आता बारीक छेदातून भिंग बसवतात, टाकाही पडत नाही, माणूस त्याच दिवशी घरी जातो. तरी आमच्याकडे महिनाभर अंधाऱ्या खोलीत बसवलेली माणसं आहेत. त्यांना खरी गरज असते ती थेंब वेळेवर घालण्याची, डोळा न चोळण्याची आणि डोळा लाल होऊन दुखायला लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठण्याची. दुर्बिणीतून पित्ताशय काढलेला माणूस दुसऱ्या दिवशी चालू शकतो. बायपासचं वेगळं. तिथे छातीचं मधलं हाड कापून तारेनं बांधलेलं असतं, ते जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर हातावर जोर देऊन उठायचं नाही, बादली उचलायची नाही, खोकताना छातीशी उशी घट्ट धरायची. पण पायांनी मात्र रोज थोडं थोडं वाढवत चालायचंच. आणि ते तीन गोळ्यांचं प्लॅस्टिकचं यंत्र! प्रत्येक बायपासवाल्याच्या घरी ते टीव्हीशेजारी ठेवलेलं दिसतं, जपून, पिशवीसकट. फुप्फुसाचे तळ उघडावेत म्हणून तासातासाला त्यातून हवा आत ओढायची असते. फुंकर मारायची नसते. निम्म्याहून जास्त लोक फुंकतात, कारण कसं वापरायचं ते करून दाखवलेलंच नसतं.

गुडघ्याबद्दल तर फारच बोलण्यासारखं आहे. २०१७ मध्ये केंद्र सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, ते चांगलंच झालं. पण आपली सगळी चर्चा सांधा कोणता, कुठल्या कंपनीचा, किती वर्षं टिकेल, यावरच अडकते. सांधा कितीही चांगला असला तरी गुडघा पूर्ण सरळ होतो की नाही आणि पुरेसा वाकतो की नाही, हे बऱ्याच अंशी पहिल्या सहा आठवड्यांत ठरतं. ते आठवडे दुखरे असतात. जगभरात गुडघा बदललेल्यांपैकी साधारण पाचांतला एक जण पुढे समाधानी नसतो. कारणं अनेक आहेत, पण त्यातलं एक आमच्या रोजच्या बघण्यातलं आहे: लाखांनी पैसे ऑपरेशनवर खर्च झाल्यावर व्यायामासाठी रोजचे चार-पाचशे रुपये द्यायचे घरच्यांच्या जिवावर येतं. चार दिवस बोलावतात, मग ‘आम्हीच करून घेतो’ म्हणतात.

आता सुनेचं.

महाराष्ट्रात दर चार बाळंतपणांमागे साधारण एक सिझर होतं. सिझर ही पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे. बाहेरचे टाके आठ-दहा दिवसांत निघतात, पण आतल्या थरांना जोर यायला सहा आठवडे ते तीन महिने लागतात. आपल्या आज्या-पणज्यांनी बाळंतिणीला सव्वा महिना दिला होता. शरीराच्या हिशेबातल्या पहिल्या सहा आठवड्यांशी हा सव्वा महिना जवळपास जुळतो, आणि ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. शेगडीच्या धुरात बंद खोलीत कोंडणं आणि पाणी तोडणं सोडून द्यावं, रोज थोडं चालवावं, बाकी सव्वा महिना तसाच ठेवावा. पण तो मिळतो कुणाला? पहिलटकरणीला, माहेरी. दुसऱ्या खेपेला ती सासरीच असते, मोठं पोर कडेवर असतं, आणि पंधराव्या दिवशी भाकरी थापायला बसलेली असते. ‘आमच्या वेळी आम्ही बाराव्या दिवशी शेतात गेलो’ हे ऐकवायला कुणीतरी असतंच.

तरी बाळंतिणीला नावाला का होईना, रीत आहे. गर्भपिशवी काढलेल्या बाईला कोणतीच रीत नाही. कुशीत बाळ नाही, म्हणून घरात कुणाला ती आजारी वाटतच नाही. टाके निघाले की ती ‘बरी’ झाली.

ऊस तोडायला बीडकडून आमच्या भागात टोळ्या येतात. कारखान्याच्या आसपासच्या माळांवर त्यांच्या कोप्या पडतात. मागच्या हंगामात अशाच एका टोळीतली बाई कंबर धरून दवाखान्यात आली. वय तिशीच्या आसपास. पोटावरचा आडवा व्रण अजून तांबूस होता. हंगाम सुरू व्हायच्या थोडं आधीच पिशवी काढली होती. अंगावर जातं म्हणून गेली होती, तर ‘पुढे कॅन्सर होईल’ असं सांगून काढली. मी तिला पोटाचे स्नायू आवळायला सांगितले, तर पोट मधोमध उंचवटा होऊन वर आलं. पोटाला काही आधारच राहिला नव्हता, सगळा भार कमरेवर. दिवसभर वाकून ऊस तोडायचा, मोळी बांधायची, तीस-चाळीस किलोंची ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. मी म्हटलं, निदान मोळी उचलू नको. तिनं शांतपणे सांगितलं, ‘उचल घेतलीय ताई. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. कोयता दोघांचा असतो. मी बसले तर नवऱ्यालाबी बसावं लागतंय.’

यावर मी कुठला व्यायाम सांगणार होते?

बीडमधल्या या ऑपरेशनांची बातमी २०१९ मध्ये देशभर गाजली. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्यानंतर खासगी दवाखान्यांतल्या या शस्त्रक्रियांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीचं बंधन आलं. योग्यच झालं. पण ती सगळी चौकशी ऑपरेशनच्या आधीची होती: गरज होती का, कुणी सांगितलं, किती पैसे घेतले. ज्यांची ऑपरेशनं होऊन गेली त्या बायांचं पुढे काय झालं, किती दिवसांनी त्या कोयत्यावर गेल्या, किती जणींची कंबर गेली, किती जणींना लघवी धरवत नाही, हे कोण विचारणार? अंडाशयंही काढली असतील तर तिशी-पस्तिशीतच पाळी जाते आणि हाडं वेळेआधी ठिसूळ व्हायला लागतात. म्हणजे आज खाड्याच्या भीतीनं मोळी उचलणारी ही बाई उद्याची खुबा मोडलेली आजी आहे, आणि तिच्यासाठी मोसंबी आणि नवी गादी कुणी आणून ठेवणार नाही.

आपण ऑपरेशनं मोजतो, ऑपरेशन झालेली माणसं मोजत नाही. अमुक योजनेत इतक्या शस्त्रक्रिया, तमुक शिबिरात इतक्या, असे आकडे जाहिरातीत येतात. त्यातली किती माणसं तीन महिन्यांनी स्वतःच्या पायांनी संडासला जात होती, हा आकडा कधीच येत नाही. जगात दरवर्षी ४० लाखांहून अधिक माणसं शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांच्या आत मरण पावतात, असा अंदाज २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. एचआयव्ही, क्षय आणि मलेरिया या तिन्हींच्या एकत्रित बळींपेक्षा ही संख्या मोठी आहे. या तीन रोगांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहेत. ऑपरेशननंतरच्या तीस दिवसांसाठी काय आहे?

मोजायला हवं, हे काही मी आज नव्यानं सांगत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बॉस्टनमध्ये अर्नेस्ट कॉडमन नावाचे सर्जन होते. प्रत्येक पेशंटचं कार्ड करायचं आणि वर्षभरानं त्याला गाठून ऑपरेशनचा उपयोग झाला का ते बघायचं, नसेल तर का नाही हे लिहायचं, असा त्यांचा आग्रह. स्वतःच्या चुका त्यांनी छापून प्रसिद्ध केल्या. सहकाऱ्यांना ते रुचलं नाही, आणि १९१४ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचा राजीनामा दिला. आज मात्र जगभरात सांधेबदलाच्या नोंदवह्या ठेवल्या जातात, त्यांच्या मुळाशी हीच कल्पना आहे. ब्रिटननं २००७ मध्ये खुब्याच्या फ्रॅक्चरची राष्ट्रीय नोंद सुरू केली. २०१० पासून तिथे ३६ तासांच्या आत ऑपरेशन, वृद्धांच्या आजारांच्या तज्ज्ञांची तपासणी अशा अटी पाळणाऱ्या रुग्णालयांना जादा पैसे मिळू लागले. तीस दिवसांतले मृत्यू २००७ मध्ये सुमारे ११ टक्के होते, ते २०११ पर्यंत साडेआठ टक्क्यांवर आले. नवं औषध निघालं नव्हतं, नवं यंत्रही नव्हतं. जे करायला हवं ते वेळेवर झालं का, हे मोजलं गेलं आणि त्याला पैसा जोडला गेला.

आपल्याकडे पैसा ऑपरेशनला जोडलेला आहे. आयुष्मान भारत योजनेत घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांपर्यंतचा तपासण्या-औषधांचा खर्च धरला आहे. खुब्याचं हाड जुळायला तीन महिने लागतात. बायपासच्या हाडाला दोन महिने. उरलेले दिवस पेशंट आणि त्याचं नशीब. वॉकर, कमोडची खुर्ची, घरी येऊन व्यायाम करून घेणारं माणूस, यांचा खर्च ऑपरेशनच्या मानाने अगदी किरकोळ असतो. तेवढा पॅकेजमध्ये घातला तर मूळ ऑपरेशनवरचा खर्च कारणी लागेल.

घरोघरी जाणार कोण, असं सरकारी बैठकीत विचारलं जाईल. आशाताई आजही जातात. बाळंतपणानंतर नवजात बाळ बघायला आशाताई ठरलेल्या दिवशी घरी जातात, शेवटची भेट ४२व्या दिवशी. म्हणजे सहा आठवडे घराशी संबंध ठेवण्याची व्यवस्था आपल्या राज्यात वर्षानुवर्षं चालू आहे. तोच रस्ता ऑपरेशन झालेल्या माणसाकडेही जाऊ शकतो. अर्थात आशांच्या डोक्यावर आधीच कामांचा डोंगर आहे, तेव्हा या भेटींचा वेगळा मोबदला आणि उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांची साथ हवी. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात किमान एक फिजिओथेरपिस्ट कायम नेमणुकीवर हवा. आशांनी विचारायचं काय, तर चारच गोष्टी: उठता का, खाता काय, जखम कशी आहे, कामाला कधी लागलात. नव्वदाव्या दिवसाचं उत्तर योजनेच्या संगणकात त्या रुग्णालयाच्या नावापुढे चढलं पाहिजे, आणि ते लोकांना बघता आलं पाहिजे.

आणि ऊसतोडीसाठी एक वेगळी मागणी आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झालेलं आहे. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या कामगार बाईला सहा आठवड्यांची मजुरी महामंडळानं द्यावी, त्या काळात त्या जोडीच्या उचलीतून खाडा कापता येणार नाही असा नियम करावा, आणि हंगामाच्या सुरुवातीला कारखान्यावर नोंदणी होतानाच ‘गेल्या तीन महिन्यांत ऑपरेशन झालं आहे का’ हा प्रश्न विचारावा. गाळप दिवाळीच्या आसपास सुरू होतं. नियम त्याआधी निघायला हवा, टोळ्या गावातून निघण्याआधी.